घट्ट बसलं म्हणजे नीट बसलं का?

कानात घालायच्या इअरफोनच्या खोक्यात साधारणपणे तीन मापांची रबरं येतात. मधल्या मापाची जोडी कारखान्यातूनच बसवून आलेली असते. उरलेल्या दोन जोड्या बहुतेक घरांत पुडीतून बाहेरही निघत नाहीत. मग काही दिवसांनी तक्रारी सुरू होतात: आवाज पातळ आहे, बेस लागत नाही, तासाभरात कान ठणकतो, जिना उतरताना निसटतो. दोष जातो इअरफोनला, आणि त्याहून महाग इअरफोनचा शोध सुरू होतो. आवाज निर्माण करणारा ड्रायव्हर कसा असावा, कवच कसं असावं हे कंपनीने ठरवलेलं असतं. रबर आणि कानाची नळी यांच्यातला सांधा हवाबंद व्हायला हवा, ते काम मात्र प्रत्येकाला आपल्या कानापुरतं स्वतःच करावं लागतं. या कामाबद्दल गैरसमज पुष्कळ आहेत.

गैरसमज: रबराचा संबंध आरामाशी. आवाज ठरतो तो इअरफोनवर.

वस्तुस्थिती: खर्जाचा सगळा कारभार रबरावर चालतो. इअरफोनमधला पडदा जेमतेम काही मिलिमीटरचा. तो खोलीभर हवा हलवू शकत नाही. पण कानाच्या पडद्यापर्यंतच्या बंद, चिमुकल्या जागेतली हवा मात्र सहज दाबू शकतो. या जागेला कुठे फट राहिली की मंद गतीने होणारा दाब तिथून निसटतो आणि खालचे स्वर विरून जातात. हातपंपाचा वायसर झिजला की दांडा कितीही हाणला तरी पाणी चढत नाही, तसंच हे. वरच्या स्वरांना या फटीचा फारसा उपद्रव नसतो, म्हणून आवाज बंद पडत नाही, फक्त चिरका होतो.

तबल्याची साथ असलेलं कुठलंही चांगलं ध्वनिमुद्रण लावून हे ताडून पाहता येतं. सांधा जमला नसेल तर डग्ग्याची घुमार गायब होते, उजव्या तबल्यावरची चाट मात्र ठणठणीत राहते. अशा वेळी एका बोटाने इअरफोन हलकेच आत दाबा. दाबल्याक्षणी डग्गा भरून आला, तर त्या कानात गळती आहे. फरक पडला नाही, तर सांधा ठीक आहे. एकाच कानात गळती असेल तर खर्ज दुसऱ्या बाजूला झुकतो.

रबराची लांबी आणि भोक यांनीही स्वर बदलतो. रुंद भोकाच्या रबरातून तार स्वर अधिक उघडे येतात, लांब आणि अरुंद भोकाचं रबर ते थोडे दाबतं. इअरफोन जितका आत बसेल तितकी उरलेली हवेची नळी आखूड होते आणि तिचा अनुनाद वरच्या स्वरांकडे सरकतो. म्हणूनच एकच इअरफोन एकाला कर्कश वाटतो आणि दुसऱ्याला मऊ. दोघंही खरं सांगत असतात.

गैरसमज: मोठं रबर घातलं की सील पक्कं.

वस्तुस्थिती: मोठ्या माणसाच्या कानाची नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब असते. ती सरळ नसते, हलकी नागमोडी असते, आणि तिचं तोंड गोल नसून लांबट असतं. बाहेरचा सुमारे एक तृतीयांश भाग कूर्चेचा, म्हणून लवचिक. आतला दोन तृतीयांश हाडाचा, आणि त्यावरची त्वचा अतिशय पातळ. गरजेपेक्षा मोठं रबर तोंडाशीच अडतं. जबरदस्तीने आत गेलंच तर त्याची पातळ झालर एका बाजूला दुमडते, आणि त्या दुमडीतून हवा निसटते. घट्टपणा जाणवतो, पण बेस नसतो. इअरफोन काढल्यावर रबराकडे लगेच पाहिलं तर झालरीवर एक उभी घडी दिसते. ती घडी दिसली की माप मोठं आहे असं समजावं.

उलट एक माप लहान घेऊन ते थोडं आत बसवलं, तर पुष्कळांचा प्रश्न सुटतो. नळीच्या पहिल्या वळणापाशी रबर चहूबाजूंनी टेकलं की दाब कमी आणि सांधा पक्का. फार लहान रबर मात्र भिंतीला टेकतच नाही. ते बोटाच्या चाचणीत लगेच पकडलं जातं.

गैरसमज: दोन्ही कानांचं माप एकच असतं.

वस्तुस्थिती: दोन कानांच्या नळ्यांत रुंदी आणि वळण या दोन्हींत फरक असणं अगदी सामान्य आहे. डाव्याला एम आणि उजव्याला एल लागणं यात काही बिघाड नाही. म्हणून चाचणी प्रत्येक कानाची वेगळी करावी, आणि तोंड उघडून, जबडा हलवून करावी. जबड्याचा सांधा नळीच्या अगदी पुढे असल्यामुळे बोलताना, चावताना तिचा आकार बदलतो. आरशासमोर शांत बसून जमलेला सांधा सुपारी चघळताना सुटू शकतो.

काही बिनतारी इअरफोनमध्ये ही तपासणी आतला मायक्रोफोन करतो. ॲपलने २०१९ च्या एअरपॉड्स प्रोबरोबर तीन मापं दिली आणि फोनवरून सील तपासायची सोयही दिली. २०२२ च्या दुसऱ्या पिढीत आणखी एक लहान माप आलं, कारण तीन मापांत न बसणारे कान कमी नव्हते. ही चाचणी गळती सांगते. कान दुखेल का, हे ती सांगत नाही.

गैरसमज: कानात ढकललं की झालं.

वस्तुस्थिती: पुष्कळ तक्रारी घालण्याच्या पद्धतीतून येतात. उजव्या कानात घालायचं असेल तर डावा हात डोक्यावरून नेऊन उजव्या कानाची पाळ वरच्या बाजूने धरावी आणि हलकेच वर व मागे ओढावी. नळी थोडी सरळ होते. मग इअरफोन किंचित फिरवत आत न्यावा आणि पाळ सोडावी. काढतानाही सरळ खेचू नये. आधी थोडं फिरवून हवा आत येऊ द्यावी, नाहीतर कानाच्या पडद्यावर उलटा ताण येतो.

फोमच्या रबरांची तऱ्हा वेगळी. हा फोम दाबला की लगेच उसळत नाही, सावकाश फुलतो. कारखान्यांत आवाजापासून बचावासाठी वापरले जाणारे पिवळे बोळे याच गुणावर चालतात; ते १९७२ च्या सुमारास अमेरिकेत बाजारात आले. फोम कोरड्या, स्वच्छ बोटांनी वळून बारीक करावा, आत घालावा आणि फुलेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटाने धरून ठेवावा. न वळता घातलेला फोम बाहेरच्या बाहेर फुगतो आणि मग ‘फोममध्ये काही दम नाही’ असा शेरा मिळतो.

गैरसमज: महागातला फोम म्हणजे सर्वांत उत्तम रबर.

वस्तुस्थिती: सर्वांत उत्तम असं काही नसतं, देवाणघेवाण असते. फोम कानाच्या वेड्यावाकड्या आकारात स्वतःला जुळवून घेतो, बाहेरचा गोंगाट चांगला रोखतो आणि दाब समान पसरवतो. त्या बदल्यात तार स्वर थोडे मंदावतो, घाम आणि मळ शोषतो, धुता येत नाही आणि काही महिन्यांत बदलावा लागतो. सिलिकॉन टिकतं, धुता येतं, घालायला पटकन. पण घामाने किंवा तेलकट कानात घसरतं. एकावर एक दोन-तीन चकत्या असलेली रबरं खोल बसतात. एटिमोटिक या अमेरिकी कंपनीने १९९१ मध्ये आणलेल्या ईआर-४ या इअरफोनची ओळखच अशा तीन चकत्यांच्या रबरावर घडली. त्यातून बाहेरचा आवाज फार कमी येतो, पण इतकं खोल काही घालणं प्रत्येकाला सोसत नाही.

विकत घेताना किमतीआधी दोन गोष्टी पाहाव्यात. इअरफोनच्या ज्या नळीवर रबर चढतं तिची जाडी मॉडेलप्रमाणे बदलते. काहींची नळी चार मिलिमीटरच्या आसपास, काहींची सहाच्या पुढे, काहींची लंबगोल. सैल रबर कानातच राहून जाण्याची भीती असते, आणि ते चिमट्याने काढायचा खटाटोप घरी करू नये. दुसरं, बिनतारी इअरफोनची डबी. लांब रबर बसवलं की झाकण लागत नाही किंवा चार्जिंगची टोकं टेकत नाहीत. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला सुटी रबरं घ्यायला जाणार असाल, तर इअरफोन आणि डबी दोन्ही बरोबर न्या.

गैरसमज: सुरुवातीला दुखणारच, सवय झाली की थांबतं.

वस्तुस्थिती: नव्या चपलेचा नियम कानाला लागू नाही. काहीतरी कानात आहे ही जाणीव दोन-चार दिवसांत बोथट होते, हे खरं. पण ठणका, जळजळ, एका बिंदूवर टोचणं ही मापाची तक्रार असते. दुखतं कुठे ते नीट पाहावं. नळीच्या आत दुखत असेल तर रबर मोठं किंवा फार खोल आहे. बाहेरच्या खळग्यात दुखत असेल तर रबराचा दोष नाही. तिथे इअरफोनचं कवच टेकतं आहे, आणि रबर बदलून उपयोग होईलच असं नाही. काहींना इअरफोन घालताच खोकला येतो. नळीच्या त्वचेत व्हेगस नावाच्या मज्जातंतूची एक शाखा असते, तिच्यावर दाब आला की असं होतं. अशांनी उथळ बसणारी मऊ रबरं वापरावीत.

कान खाजत असेल तर थांबावं. दमट हवेत कानात बुरशी धरणं हे आपल्याकडे, विशेषतः कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात, डॉक्टरांच्या रोजच्या पाहण्यातलं आहे. आंघोळीनंतर ओल्या कानात इअरफोन घालणं म्हणजे बुरशीला उबदार, बंद जागा करून देणं. सिलिकॉनची रबरं काढून कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवावीत, पूर्ण वाळल्यावरच चढवावीत. फोम कोरड्या किंवा किंचित ओल्या फडक्याने पुसावा. कानातला मळ काडीने कोरू नये. तो आपोआप बाहेर सरकत असतो, आणि काडी त्याला आत ढकलते. स्राव, दुखणं किंवा ऐकू कमी येणं यांपैकी काहीही असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा.

गैरसमज: कान पूर्ण बंद केला की ऐकण्याला धोका वाढतो.

वस्तुस्थिती: धोका आवाजाच्या पातळीत आणि वेळात असतो. लोकलच्या डब्यात सैल रबर घालून गाणं ऐकणारा माणूस गाडीचा खडखडाट बुडवण्यासाठी आवाज वाढवत जातो. सांधा नीट असेल तर तेच गाणं बऱ्याच कमी आवाजात स्पष्ट ऐकू येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. ९० डेसिबलला ही मुदत चार तासांवर येते आणि १०० डेसिबलला जेमतेम वीस मिनिटांवर. गोंगाट पुसणाऱ्या एएनसी यंत्रणेलाही हेच लागू आहे. ती मुख्यतः खालचे, एकसुरी आवाज पुसते, वरचे आवाज अडवायचं काम रबराचं. रबर सैल असेल तर बाहेरची घरघर फटीतून आत येत राहते आणि ‘एएनसी बोगस आहे’ असा निकाल लागतो.

बंद कानाचा खरा धोका रस्त्यावर असतो. रूळ ओलांडताना किंवा गाडी चालवताना इअरफोन खिशात असावा. याला कुठल्याही रबराचा पर्याय नाही.

गैरसमज: आपलाच आवाज घुमतो, म्हणजे इअरफोन निकृष्ट.

वस्तुस्थिती: कान बंद केल्यावर स्वतःचं बोलणं, चावणं, पावलांचे ठोके मोठे ऐकू येतात. बोलताना नळीचा कूर्चेचा भाग थरथरतो. उघड्या कानातून ती थरथर बाहेर निघून जाते, बंद कानात आत कोंडते. सील जमल्याचीच ही खूण आहे. रबर आणखी आत, हाडाच्या भागाजवळ बसलं तर घुमणं कमी होतं, पण तितकं खोल सगळ्यांना झेपत नाही. फोनवर बोलताना एक कान मोकळा ठेवणं हा सोपा उपाय.

गैरसमज: कुठलंच रबर बसत नाही, म्हणजे हा प्रकार आपल्यासाठी नाही.

वस्तुस्थिती: श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी कानाचा साचा घेऊन इअरमोल्ड बनवण्याची पद्धत जुनी आहे, आणि तीच इअरफोनसाठीही चालते. ऑडिओलॉजिस्ट आधी नळीत दोऱ्याला बांधलेला छोटा बोळा ठेवतो, म्हणजे साच्याचा मसाला पडद्यापर्यंत जात नाही. मग पिचकारीने मऊ सिलिकॉन भरतो आणि काही मिनिटांत घट्ट झालेला ठसा बाहेर काढतो. साचा घेताना तोंड किंचित उघडं ठेवायला सांगितलं, तर जबडा हलतानाही मोल्ड सुटत नाही. हे काम शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्यावं. घरगुती मसाल्याचे प्रयोग कानावर करू नयेत. आणि ज्यांना कानात काही घातलेलं सोसतच नाही, त्यांनी कानावर बसणारा हेडफोन घ्यावा. त्यात कमीपणा काही नाही.

शेवटी निवाडा सोपा आहे. डग्गा भरून ऐकू येतो, जबडा हलवला तरी तो हटत नाही आणि तासाभराने कानात काही आहे याचा विसर पडतो, ते आपलं माप. मग त्यावर एस छापलेलं असो की एल, आणि ते वीस रुपयांचं असो की दोन हजारांचं.