धानाची ट्रॉली आणि रात्रीचा रस्ता

आपला भंडारा जिल्हा धानाचा. दिवाळीच्या सुमारास कापणी-मळणी सुरू झाली की धानाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रीही रस्त्यावर दिसतात. लाखनी-साकोलीवरून जाणारा महामार्ग (पूर्वीचा क्रमांक ६, आताचा ५३) असो की गावाकडचा अरुंद रस्ता, पुष्कळ ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो.

ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. ट्रॉली दिसून ब्रेक दाबेपर्यंतच एवढे अंतर संपते. गाडी थांबायला आणखी अंतर लागते. त्यात समोरच्या गाडीच्या दिव्याने डोळे दिपले, तर उभी ट्रॉली दिसतच नाही. मागून येणारा तो तरुण बहुधा आपल्याच पंचक्रोशीतील असतो.

म्हणून ट्रॉलीच्या मागे लाल चमकणारी पट्टी लावावी व चिखलाने माखल्यास ती पुसावी. बंद पडलेली ट्रॉली शक्यतो रस्त्याखाली घ्यावी. मोटारसायकलवर दोघांनीही हेल्मेट घालावे.

तरीही अपघात घडलाच तर जखमीला सोडून जाऊ नये, १०८ क्रमांकावर फोन करावा. सद्भावनेने मदत करणाऱ्यास २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने संरक्षण दिले आहे. नाव सांगण्याचीही सक्ती त्याच्यावर करता येत नाही.

हंगामाआधी ट्रॅक्टरचे तेल आणि चाकांतील हवा आपण पाहतोच. त्याच वेळी ट्रॉलीची मागची बाजूही पाहावी, एवढीच आमची सर्व बंधू-भगिनींना विनंती आहे.