मुक्या कळीचा व्यापार

फूल उमलले म्हणजे त्याच्या जन्माचे सार्थक झाले, अशी परडी घेऊन अंगणात उतरणाऱ्या आपल्या समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे; परंतु मावळ तालुक्यात, तळेगाव दाभाड्याच्या परिसरात, जेथे औद्योगिक विकास महामंडळाने कारखान्यांच्या शेजारीच फुलशेतीसाठी स्वतंत्र वसाहत आखून दिली, तेथील गुलाबाच्या बागाईतदाराला ती पटणे कठीण, कारण त्याच्या हिशेबात उमललेले फूल नुकसानीच्या बाजूस पडते आणि त्याची विद्या, भांडवल व रात्रीची झोप ही सारी कळी मुकी ठेवण्याच्याच कामी लागलेली असतात.

जानेवारीतल्या एका पहाटे मी अशा एका पॉलीहाऊसात गेलो. बाहेर शाल पुरेना, आणि आत, अवघ्या २०० मायक्रॉन जाडीच्या दुधी कागदाखाली, ओलसर ऊब. तांबडी माती, शेणखत आणि मावळात ज्याला कधी तोटा नाही ते भाताचे तूस यांचे उंच गादीवाफे, त्यांवरून गेलेल्या ठिबकच्या नळ्या, आणि दुतर्फा मोडून पडलेल्या फांद्या. नवख्याला वाटावे, रात्री येथे गुरे शिरली. ही मोडतोड मात्र बुद्ध्याच केलेली असते. अशक्त फांदी छाटून न टाकता ती बुडाशी वाकवून आडवी निजवायची, तिला कळी आलीच तर खुडायची, म्हणजे ती पडल्या जागी पानांनी अन्न रांधीत राहते, आणि त्या अन्नावर बुंध्यातून जो जाड, सरळसोट फुटवा वर येतो तोच बाजाराचा धनी. याला तेथे ‘बेंडिंग’ म्हणतात. मला तर जुन्या एकत्र कुटुंबातल्या, आयुष्यभर स्वयंपाकघराबाहेर न आलेल्या आत्याबाईंची आठवण झाली.

कळी वाटाण्याएवढी झाली की तिच्यावर जाळीची मऊ टोपी चढते. आतल्या आत ती भरत जाते, पण तिचे तोंड सुटत नाही. ‘टॉप सीक्रेट’ या लाल वाणाचे ताटवेच्या ताटवे असे टोप्या घालून उभे होते.

कात्री घेतलेल्या एक मावशी वाफ्यावाफ्याने पुढे सरकत होत्या. माझ्या दृष्टीला सर्वस्वी सारख्या दिसणाऱ्या दोन कळ्यांपैकी एक त्यांनी कापली आणि दुसरीकडे पाहिलेही नाही.

“मावशी, ही का सोडली?”

“ती हिरवी हाय अजून, दादा. उद्याला.”

कळीखालची हिरवी पाती मागे वळली पाहिजेत, बाहेरची पाकळी किंचित सैल झाली पाहिजे, आणि तेवढेच. त्याआधी कापली तर ती फुलदाणीत मान टाकते. त्यानंतर कापली तर परदेशी पोचेपर्यंत तिचे वय उलटलेले असते. एवढा सूक्ष्म निवाडा ही बाई दर दोन क्षणांस एक या गतीने, तोंडाने सुनेच्या बाळंतपणाची हकीकत सांगत, करीत होती.

कापलेली कळी तडक पाण्याच्या बादलीत, बादली २ ते ४ अंशांच्या शीतगृहात. मग दांडीच्या लांबीप्रमाणे प्रतवारी, ४०, ५०, ६० सेंटिमीटर, आणि वीस-वीसची गड्डी खोक्यात बंद होऊन मुंबईच्या विमानतळाकडे.

या साऱ्या धावपळीस कारण १४ फेब्रुवारी. मावळच्या पंचांगात एका ख्रिस्ती संताची तिथी दाखल झाली आहे, आणि तिच्यापासून उलटे दिवस मोजून डिसेंबरच्या पूर्वार्धात छाटणीचा मुहूर्त धरतात. छाटणीपासून कळीपर्यंत सुमारे ४५ ते ५० दिवस. थंडी जास्त पडली तर कळी रेंगाळते, ऊन वाढले तर घाई करते, आणि रात्री पानावर दव साचले तर डावणी रोग सारी मुदतच बुडवतो. म्हणून संध्याकाळ झाली की बागाईतदार पडदे पाडण्यासाठी जातीने हजर. परदेशी मालाची घाई १० तारखेच्या सुमारास सरते, आणि पुढे त्याच दांड्या दिल्ली-मुंबईच्या, लग्नसराईच्या बाजारात उतरतात.

मी निघताना मावशींना विचारले, “मग नंतर काम हलकं होत असेल?”

“हलकं कसलं! डोळा बदलावा लागतो,” त्या म्हणाल्या. “आपल्या गिऱ्हाइकाला इतकी मिटलेली चालत न्हाई. जराशी हसू द्यायची, मग कापायची.”