दादांच्या फोनवर आलेला आळ

गेल्या महिन्यात आमच्या घरात एक छोटासा खटला उभा राहिला. थोरली मुलगी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. संध्याकाळी सात ते नऊ तिचा वर्ग मोबाईलवर भरतो आणि नेमके त्याच वेळी चित्र थिजू लागले. धाकट्याने लगेच निकाल दिला, "आजोबांच्या जुन्या फोनमुळे सगळ्यांचं वाय-फाय हळू होतंय." आमचे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, काही बोलले नाहीत. त्यांनी तो दहा-बारा वर्षांचा फोन बंद करून उशाखाली ठेवला आणि दोन संध्याकाळी गाण्यांवाचून काढल्या. इंटरनेटचा महागडा प्लॅन घ्यावा, असेही घरात बोलले जाऊ लागले. तेव्हा आम्हाला या प्रकरणात लक्ष घालणे भाग पडले.

चाळीतला सार्वजनिक नळ आठवा. नळ एक, रांग मोठी. वाय-फायचेही तसेच आहे. एका वाहिनीवर एका वेळी साधारणपणे एकच उपकरण बोलते, बाकीची थांबतात. प्रत्येकाची पाळी येते, परंतु ज्याच्या भांड्याचे तोंड बारीक, तो नळ जास्त वेळ अडवून बसतो. 1500 बाइटचे एक पाकीट 54 मेगाबिटच्या वेगाने धाडावयास सेकंदाचा सुमारे साडेचार हजारावा भाग लागतो. तेच पाकीट 1 मेगाबिटने धाडले तर 54 पट वेळ जातो. 2003 साली फ्रान्समधील ग्रेनोबल येथील संशोधकांनी हे दाखवून दिले होते. 11 मेगाबिटच्या उपकरणांत एकच 1 मेगाबिटवाले सतत बोलत राहिले, तर सर्वांचाच वेग 1 मेगाबिटच्याही खाली जातो.

म्हणजे धाकट्याचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. पण भांडे बारीक असले तरी ते नळाखाली असेल तेव्हाच खोळंबा होतो ना? दादांचा फोन बहुतेक वेळ गप्प पडलेला असतो. गाण्याला डेटा लागतो तो कितीसा! शिवाय तो काही 1 मेगाबिटवाला नव्हे. उलट नवा कोरा फोनही दोन भिंतींपलीकडे नेला की अशक्त लहरींमुळे वेग उतरवून बोलतो आणि रांग तोही अडवतो. मुलगी अभ्यासाला बसत होती ती नेमकी आतल्या खोलीत.

खरा दोषी मात्र आम्हीच निघालो. 2014 साली घेतलेल्या आमच्या राउटरमध्ये, तेव्हाचा एक जुना लॅपटॉप जोडला जावा म्हणून, आम्ही सुरक्षेच्या जागी 'टीकेआयपी' ही जुनी पद्धत निवडली होती. 2009 च्या 802.11 एन मानकाचा वेग या पद्धतीवर मिळतच नाही. फोन कितीही नवा असो, तो 54 मेगाबिटवर येऊन बसतो, आणि त्यातलेही निम्म्याच्या आसपासच प्रत्यक्ष हाती लागते. लॅपटॉप कधीच भंगारात गेला, त्याच्यासाठी केलेली सोय मागे राहिली! ती बदलून आम्ही 'डब्ल्यूपीए 2' आणि 'एईएस' निवडले. मुलीच्या फोनवर जोडणीचा आकडा 54 वरून 144 झाला. दादांचा फोनही या नव्या पद्धतीवर बिनतक्रार जोडला गेला.

ज्यांच्या राउटरला 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे आहेत, त्यांनी जुनी उपकरणे पहिल्यावर ठेवून नवी दुसऱ्यावर न्यावीत. रांगा वेगळ्या होतात. मात्र 5 चा पट्टा भिंतींपुढे लवकर दमतो, हे ध्यानात असू द्यावे. एका जागी राहणारा टीव्ही किंवा संगणक असेल तर सरळ तार जोडावी, तो रांगेतूनच बाहेर पडतो.

महागड्या प्लॅनचा विषय आता घरात निघत नाही. मुलीचे टेबल आम्ही बाहेरच्या खोलीत आणले आहे. धाकट्याने स्वतः जाऊन उशाखालचा फोन काढला आणि चार्जिंगला लावला. "आजोबा, गाणी लावा, पण ताईचा वर्ग सुरू आहे, जरा हळू आवाजात," असे तो म्हणाला.