स्टिअरिंगमधील खटखट : निदान आणि माहितीची विषमता

स्टिअरिंग वळविताना वाहनाच्या पुढील भागातून ‘खट्’ असा आवाज येऊ लागला, की त्याचे मूळ बहुधा एखाद्या झिजलेल्या सांध्यात असते. निदान खर्चिक नाही. इंजिन बंद ठेवून एकाने चक्र डावीउजवीकडे किंचित हलवावे व दुसऱ्याने टायरॉडच्या टोकावर बोटे ठेवावीत. सांधा सैल असल्यास धक्का हाताला जाणवतो. चाक जॅकने उचलून, खाली भक्कम आधार देऊन, वर-खाली धरून हलविल्यास बॉल जॉइंट किंवा बेअरिंगचा ढिलेपणा कळतो.

तरीही ग्राहकाच्या माथी संपूर्ण स्टिअरिंग रॅक बदलण्याचा खर्च येऊ शकतो. दोष कोठे आहे हे मिस्त्री जाणतो, मालक जाणत नाही. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावरून मांडलेली माहितीची विषमता ती हीच.

शिवाय सांधा निखळल्यास इतरांचेही प्राण धोक्यात येतात. या बाह्य परिणामामुळेच केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ नुसार चक्राची मोकळी फिरत ३० अंशांपेक्षा अधिक चालत नाही. मात्र झिजलेला बॉल जॉइंट या मर्यादेतही वाजू शकतो. आणि खासगी मोटारीची नोंदणी तर १५ वर्षे ग्राह्य असते. तोवर मालकाच्या हाती साधा उपाय उरतो : बदललेला जुना भाग मागून घेऊन स्वतः हलवून पाहणे.