शंभर मिलिलिटरमधला एक जिवाणू

पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस 10500 या भारतीय मानकानुसार 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जिवाणू एकही आढळता कामा नये. हा जिवाणू माणसाच्या व जनावरांच्या आतड्यात राहतो. तो पाण्यात सापडला, की मैला पाण्यापर्यंत पोहोचला असे समजायचे. पण त्याची रुंदी जेमतेम अर्धा मायक्रॉन. एवढ्या पाण्यात तो एकटाच असेल, तर एखादा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरून तो दिसणार नाही. म्हणून आधी तो गोळा करायचा, मग वाढवायचा आणि शेवटी ओळखायचा.

बुऱ्हाणपूर जिल्ह्यात या तपासणीला विशेष महत्त्व आहे. 1615 साली सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भुयारातून शहरात आणणारा कुंडी भंडारा इथलाच. जुलै 2022 मध्ये हाच जिल्हा देशातला पहिला प्रमाणित ‘हर घर जल’ जिल्हा ठरला. 254 गावांच्या ग्रामसभांनी तसे ठराव केले. नळ घरात आला तरी गटाराशेजारून गेलेली जलवाहिनी सांध्यात फुटली आणि पुरवठा बंद असताना नळातला दाब उतरला, तर बाहेरची घाण आत ओढली जाते. पावसाळ्यात हा धोका सर्वाधिक.

नमुना घेण्यातच निम्मे यश असते. नळाचे तोंड ज्योतीने तापवून, पाणी दोन-तीन मिनिटे वाहू देऊन मग निर्जंतुक बाटली भरतात. बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट घातलेले असते. ते पाण्यातला क्लोरीन निकामी करते. नाहीतर वाटेतच जिवाणू मरतील आणि अहवाल खोटा चांगला येईल. म्हणूनच ही बाटली विसळायची नसते. बर्फात ठेवलेला नमुना शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचावा.

तिथे 100 मिलिलिटर पाणी 0.45 मायक्रॉन छिद्रांच्या पातळ पडद्यातून ओढले जाते. पाणी निघून जाते, जिवाणू पडद्यावर अडकतात. पडदा पोषक अगारवर ठेवून उबवला, की दुसऱ्या दिवशी एकेका जिवाणूची डोळ्यांना दिसणारी वसाहत तयार होते. ईएमबी अगारवर ई. कोलायच्या वसाहतींना हिरवट धातूसारखी चमक येते.

अन्नाला गाळणी चालत नाही. बुऱ्हाणपूरच्या प्रसिद्ध जिलबीचा मावा साल्मोनेलासाठी तपासायचा, तर 25 ग्रॅम मावा 225 मिलिलिटर पेप्टोन पाण्यात घोळून उबवतात. उष्णतेने अर्धमेले झालेले जिवाणू तिथे आधी सावरतात. मग इतरांना दाबणाऱ्या माध्यमात साल्मोनेलाची संख्या वाढवली जाते आणि एक्सएलडी अगारवर लाल, मध्यभागी काळ्या वसाहती शोधल्या जातात. पक्का निकाल यायला चार-पाच दिवस जातात.

खेड्यासाठी सर्वांत मोलाचा शोध मात्र ग्वाल्हेरचा. तिथल्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या मांजा, मौर्य आणि राव यांनी 1982 साली एक साधी चाचणी जगापुढे मांडली. पेप्टोन, थायोसल्फेट आणि लोहक्षार यांच्या द्रावणात भिजवून वाळवलेला कागद निर्जंतुक बाटलीत असतो. त्यात पाणी भरून बाटली ऊबदार जागी ठेवायची. आतड्यातले अनेक जिवाणू हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात, तो लोहाशी मिळतो आणि पाणी काळे पडते. ना सूक्ष्मदर्शक लागतो, ना वीज. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे, त्यांच्या हाती शोभणारे हे साधन. मर्यादा मात्र ओळखावी: ई. कोलाय स्वतः हा वायू सोडत नाही, त्याचे सोबती सोडतात. आणि भूजलात मुळातच सल्फाइड असेल, तर बाटली उगाच काळी होते.

विषाणू तर 0.45 मायक्रॉनच्या पडद्यातूनही निसटतात. त्यांच्यासाठी अनेक लिटर पाणी अतिसूक्ष्म गाळणीने आटवून पीसीआरने जनुकांचा शोध घ्यावा लागतो. जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस हा विषाणू आढळले. यांतला पहिला कमी प्राणवायूत, 42 अंशांच्या आसपास चांगला वाढतो. दुसरा नेहमीच्या पद्धतीने वाढवताच येत नाही. पीसीआर दोघांनाही पकडते, पण जिवंत आणि मेलेला यांतला भेद सांगत नाही.

म्हणून एका चाचणीवर विसंबू नये. पहिल्या पावसानंतर आणि जलवाहिनीच्या दुरुस्तीनंतर पाणी पुन्हा तपासून घ्यावे. बाटली काळी पडली, तर प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत पाणी खळखळून उकळूनच प्यावे.