केंद्रीय समाजकल्याण मंडळ : एका मधल्या दफ्तराची हकिकत

देश स्वतंत्र झाला त्या सुमारास स्त्रियांच्या शिक्षणाचे, आरोग्याचे आणि आश्रयाचे जे काम आपल्याकडे चालले होते, त्याचा फार मोठा भाग सरकारी खात्यांच्या बाहेर, खासगी संस्थांच्या शिरावर होता. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली १९०९ पासून वाढलेले सेवासदन किंवा अण्णासाहेब कर्व्यांनी हिंगण्यास नांदविलेला आश्रम यांसारख्या संस्थांना नाव होते आणि देणगीदारही होते. परंतु त्यांच्या मागे, तालुक्याच्या गावांतून आणि शहरांच्या चाळींतून, अशीही पुष्कळ मंडळे होती की ज्यांची सारी मालमत्ता म्हणजे भाड्याची एक खोली, शिवणाची दोन यंत्रे, वर्गणीची पावतीपुस्तके आणि चिटणीसबाईंची चिकाटी. अशा मंडळांना पैसा हवा होता; पण पैशाबरोबर येणारा साहेब नको होता. ही अडचण वरवर क्षुल्लक दिसते, परंतु केंद्रीय समाजकल्याण मंडळ नावाची जी संस्था पुढे निघाली, तिचे सारे वेगळेपण या एका अडचणीतून जन्मास आले.

पहिल्या पंचवार्षिक योजनेत स्वयंसेवी समाजकल्याण संस्थांसाठी चार कोटी रुपयांची तरतूद झाली, आणि ती खर्च कोणी करावी हा प्रश्न लगेच उपस्थित झाला. एखाद्या खात्याकडे ती सोपविली असती तर कलेक्टर कचेरीपासून मामलेदारापर्यंतची सारी उतरंड मध्ये आली असती. संस्थांच्या हाती थेट सोपवावी तर सार्वजनिक पैशाचा जाब देणारे कोणी उरत नव्हते. त्यावर तोडगा म्हणून ऑगस्ट १९५३ मध्ये भारत सरकारने एका ठरावाने हे मंडळ स्थापिले. खजिना सरकारचा, परंतु सभासदांत बहुमत बिनसरकारी कार्यकर्त्यांचे, अशी ती योजना होती. पुढच्याच वर्षी राज्याराज्यांतून सल्लागार मंडळे निघाली. दरखास्तींची छाननी, संस्थेस प्रत्यक्ष भेट आणि शिफारस ही कामे या राज्य मंडळांकडे होती. मंजुरीचा अखत्यार दिल्लीकडे.

मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा दुर्गाबाई देशमुख. त्या मूळच्या आंध्रातील राजमहेंद्रीच्या; आडनाव महाराष्ट्राचे लागले ते १९५३ च्या जानेवारीत, तत्कालीन अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांच्याशी विवाह झाल्यावर. संविधान सभेतील पंधरा स्त्रियांपैकी त्या एक होत्या आणि नियोजन आयोगाच्या सदस्या या नात्याने समाजसेवेचा विषय त्यांच्याकडे होता. १९२३ साली काकिनाड्यास काँग्रेसचे अधिवेशन भरले तेव्हा प्रदर्शनाच्या दारावर स्वयंसेविका म्हणून उभ्या असलेल्या या चौदा वर्षांच्या मुलीने खुद्द जवाहरलाल नेहरूंना तिकिटावाचून आत सोडण्यास नकार दिला होता, आणि व्यवस्थापकांनी तिकीट आणून दिल्यावरच त्यांना वाट दिली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. अनुदान वाटणाऱ्या दफ्तराच्या प्रमुखाच्या अंगी नेमका हाच गुण असावा लागतो; ओळखीने आत येणाऱ्यांची गर्दी त्या दारावर अधिवेशनापेक्षा कितीतरी मोठी असते.

अनुदानाची रीत साधी होती, निदान कागदावर. संस्था नोंदलेली असावी, तिला घटना व कार्यकारिणी असावी, हिशेब तपासलेले असावेत, आणि खर्चाचा काही वाटा तिने स्वतः उभा करावा. पुष्कळ लहान मंडळांना ताळेबंद म्हणजे काय हे या निमित्ताने प्रथम कळले. अनुदानाच्या रकमेपेक्षाही, तोवर कपाटाच्या वहीत आणि आठवणीत राहणारा जमाखर्च सर्वांसमोर मांडण्याची सवय लागली, हा लाभ मला अधिक टिकाऊ वाटतो. तथापि याच रीतीत पुढच्या दुखण्याचे बीजही होते. मंजुरीस उशीर, हप्त्यास त्याहून उशीर, मागील रकमेचा विनियोग-दाखला रुजू झाल्यावाचून पुढील रक्कम नाही, आणि तोवर शिक्षिकेचा पगार कोणी द्यावयाचा या प्रश्नास कोठल्याच परिपत्रकात उत्तर नाही! काही संस्थांनी मग काम पाहून योजना मागण्याऐवजी योजना पाहून काम ठरविण्यास प्रारंभ केला. दोष केवळ त्यांचा म्हणता येत नाही.

जुन्या संस्थांना पैसा देणे एवढ्यावर मात्र मंडळ थांबले नाही. देशाच्या बऱ्याच ग्रामीण भागात अनुदान मागण्यास संस्थाच नव्हती. म्हणून १५ ऑगस्ट १९५४ पासून कल्याण विस्तार प्रकल्प सुरू झाले. सुमारे पंचवीस गावांचा एक प्रकल्प, त्यात पाच केंद्रे, केंद्रावर ग्रामसेविका, सोबतीला सुईण व हस्तकलेची शिक्षिका, आणि या सर्वांवर देखरेख करणारी स्थानिक स्त्रियांची समिती, अशी त्याची बांधणी होती. बालवाडी, बाळंतपणातील स्वच्छता, प्रौढ स्त्रियांचा साक्षरता वर्ग आणि शिवणकाम हे सारे एका केंद्रात चाले. ग्रामसेविकांच्या प्रशिक्षणाचे काम कस्तुरबा ट्रस्टकडे सोपविले गेले. महाराष्ट्रात या ट्रस्टचे काम प्रेमाबाई कंटक सासवडच्या आश्रमातून पाहत. आरोग्याचे पाऊल शिक्षणाच्या आधी पडले हे येथे मुद्दाम नमूद केले पाहिजे. जी सासू सुनेला अक्षरे गिरविण्यासाठी घराबाहेर पाठविण्यास तयार नसे, तीच नातवाच्या तापाचे औषध विचारण्यासाठी केंद्राच्या पायरीवर येऊन बसे, आणि एकदा ती आली म्हणजे सुनेची वाट आपोआप मोकळी होई.

परंतु येथेच एक विलक्षण पेच पडला. ग्रामसेविका, परिचारिका, शिक्षिका हव्यात, प्रशिक्षणाची सोय आहे, पगाराची तरतूद आहे. पण या पदांना लागणारे किमान शिक्षण खेड्यातील स्त्रीजवळ नाही, आणि शहरातील शिकलेली मुलगी खेड्यात राहावयास तयार नाही. १९५८ साली निघालेला प्रौढ स्त्रियांसाठीचा संक्षिप्त शिक्षणक्रम हे त्या पेचाचे उत्तर होते. विधवा, परित्यक्ता किंवा लहानपणीच शाळा सुटलेली तरुण स्त्री घ्यावी, आणि मुलांना ज्यास बरीच वर्षे लागतात तो अभ्यास तिच्याकडून सुमारे दोन वर्षांत करून घेऊन तिला परीक्षेस बसवावे. प्रौढ बुद्धीला बालकाच्या गतीने चालविण्याचे कारण नाही, हे त्यामागील गृहीत. मंडळाच्या साऱ्या योजनांत मला ही सर्वांत मोलाची वाटते, कारण ती कोणा समितीच्या अहवालातून उतरलेली नव्हती. दुर्गाबाईंचे लग्न आठव्या वर्षी लागले होते. ते नाते त्यांनी पुढे स्वतः सोडले, मीठ सत्याग्रहात तुरुंग भोगला, आणि त्यानंतर काशी हिंदू विश्वविद्यालयाची मॅट्रिकची परीक्षा बाहेरून दिली. मद्रासेस त्याच परीक्षेसाठी इतर स्त्रियांची तयारी करून घेता घेता १९३७ साली त्यांची आंध्र महिला सभा उभी राहिली. म्हणजे १९५८ साली सरकारी शिक्क्यानिशी जे प्रसृत झाले, ते वीस वर्षांपूर्वी एका वर्गात सिद्ध होऊन चुकले होते. महाराष्ट्राला तर हा विचार अपरिचित नव्हताच. सेवासदनात येणाऱ्या थोराड वयाच्या विद्यार्थिनी आणि ससून रुग्णालयात शिकलेल्या तेथील परिचारिका पुण्याने फार आधी पाहिल्या होत्या.

पुढचा इतिहास भराभर सांगण्यासारखा आहे. नुसत्या ठरावाने जन्मलेल्या मंडळास कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र अस्तित्व नव्हते, म्हणून १ एप्रिल १९६९ रोजी त्याची कंपनी कायद्याच्या पंचविसाव्या कलमाखाली, नफा न वाटणारी कंपनी म्हणून नोंदणी झाली. नोकरी करणाऱ्या स्त्रियांची वसतिगृहे आली, पाळणाघरे आली, १९८३ पासून कौटुंबिक सल्ला केंद्रे आली. मारहाण, हुंडा आणि टाकून देणे यांच्या तक्रारी पोलीस ठाण्याआधी ऐकणारे कोणीतरी ठिकाण त्यामुळे पुष्कळ जिल्ह्यांत प्रथमच निर्माण झाले. मात्र स्त्री व बालविकासाचे स्वतंत्र खाते आणि पुढे मंत्रालय झाल्यावर मधल्या दफ्तराचे प्रयोजन उत्तरोत्तर क्षीण होत गेले, आणि २०२२ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने हे मंडळ बंद करण्याचा निर्णय घेतला.

आज लहान संस्थेने मदतीसाठी पाहावयाचे एक दार म्हणजे, चमत्कारिक योगायोगाने, पुन्हा कंपनी कायदाच. त्याच्या १३५ व्या कलमान्वये मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करावे लागतात. निधी मोठा आहे. परंतु कंपनीबाहेरच्या संस्थेस तो मिळावयाचा तर तिच्यापाशी अशा कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा, सरकारदरबारी वेगळी नोंदणी हवी, आणि दरखास्त बहुधा इंग्रजीतच लागते. जेथे संस्थाच नाही तेथे स्थानिक स्त्रियांची समिती बसवून पंचवीस गावांचे काम तिच्या हाती देणे, हे मात्र या कलमाच्या अखत्यारात बसत नाही. ते ज्या दफ्तराच्या अखत्यारात बसत होते त्याचे विषय आता मंत्रालयाकडे वर्ग झाले आहेत.