अर्ध्या माणसाची अडचण

आपल्या घरात किती माणसे मावतात, असे कोणी विचारले तर आपण बहुधा हसून विषय सोडून देऊ. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील जुन्या वाड्यांत ज्यांचे बालपण गेले, त्यांना लग्नसराईत माजघरापासून माडीपर्यंत पसरलेली अंथरुणे आठवत असतील. तेथे खोल्या कोणी मोजल्या नाहीत. उशा कमी पडल्या तर शेजारून आणल्या, इतकेच. परंतु आपल्यापैकी ज्यांची मुले इंग्लंडात स्थायिक झाली आहेत आणि लग्नानंतर पत्नीला अगर पतीला तिकडे नेऊ इच्छितात, त्यांना हाच प्रश्न तेथील सरकार विचारते, आणि त्याचे उत्तर फुटांत द्यावे लागते.

आमच्या परिचयातील एका कुटुंबावर याबाबतीत जो प्रसंग आला, तो त्यांच्या संमतीने येथे सांगत आहोत. मुलगा अनेक वर्षे लेस्टर येथे नोकरीस आहे, कायम वास्तव्याची परवानगी त्याला मिळालेली आहे. पगाराची अटही त्याने पुरी केली होती. ही अट २०१२ पासून वर्षाला १८,६०० पौंडांची होती. ११ एप्रिल २०२४ पासून नव्या अर्जांसाठी ती २९,००० पौंडांची झाली. लग्न येथे, वडोदऱ्यास, झाले. राहण्याचा प्रश्न तर कोणाच्या मनातही आला नाही, कारण मुलगा चुलतभावाकडे राहत होता आणि दादा-वहिनींनी "वरची एक खोली तुम्हा दोघांची" असे लग्नाच्या मांडवातच सांगून टाकले होते.

अर्जासोबत दादांनी एक पत्र जोडले. पत्र मोठ्या मायेने लिहिलेले होते. आम्ही नवराबायको, आमचा बारा वर्षांचा मुलगा, सात वर्षांची मुलगी आणि हा माझा भाऊ असे सर्व एकत्र आनंदाने राहतो, सूनबाई आल्यास आमच्या आनंदात भरच पडेल, असा त्याचा आशय. अर्ज नामंजूर झाला. कारण दिले होते ते असे की, ती आल्यावर घरात दाटी होईल.

मुलाच्या आईने ते नकारपत्र आमच्यापुढे ठेवले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "चार खोल्यांचे घर आहे हो, आणि सहा माणसे. यात दाटी कसली?" आम्हालाही तेच वाटले. मग आम्ही तो कायदा नीट वाचून काढला.

परदेशातून पत्नीस अगर पतीस आणणाऱ्याने कुटुंबासाठी पुरेशी जागा दाखवली पाहिजे, असा इंग्लंडचा नियम आहे. सबंध घर स्वतःचे असले पाहिजे असे नव्हे. नातेवाइकांच्या घरातली एक निजण्याची खोली त्या जोडप्यासाठी स्वतंत्र राखलेली असली तरी चालते. मात्र त्यायोगे घरात दाटी होता कामा नये. दाटी म्हणजे काय, हे १९८५ च्या गृहनिर्माण कायद्यात ठरवून दिले आहे. त्यातली मापे मूळची १९३५ च्या कायद्यातली. निजण्याच्या खोल्या व बैठकीची खोली मिळून गणना होते. न्हाणीघर धरत नाहीत आणि स्वयंपाकघराचा भरवसा सहसा धरता येत नाही. दोन खोल्यांत तीन माणसे, तीन खोल्यांत पाच, चार खोल्यांत साडेसात. शिवाय प्रत्येक खोलीचे क्षेत्रफळ वेगळे पाहतात. ११० चौरस फूट वा अधिक असेल तर दोन माणसे, ९० ते ११० असेल तर दीड, ७० ते ९० असेल तर एक, ५० ते ७० असेल तर अर्धे माणूस. पन्नासाच्या आतली खोली, खोलीच नव्हे. या दोन हिशेबांपैकी जो आकडा लहान तो खरा. वर्षाच्या आतले मूल गणतीत नाही. त्यापुढे दहाव्या वर्षापर्यंत ते अर्धे. अर्धे माणूस ही कल्पना आपल्याला विचित्र वाटेल खरी, पण एस. टी. च्या अर्ध्या तिकिटाला आपण कधी हसलो नाही.

आता दादांचे घर पाहा. जिन्याच्या माथ्यावरची चिमुकली खोली, जिला तिकडे बॉक्स रूम म्हणतात, ती भरली ४५ चौरस फूट. म्हणजे ती बाद. उरल्या तीन, आणि तिघींत माणसे पाच. घरातली माणसे मोजली तर दादा, वहिनी, मुलगा आणि भाऊ मिळून चार, मुलगी अर्धी, साडेचार. सूनबाई आल्यावर साडेपाच. अर्ध्या माणसाने अर्ज बुडाला! अर्जाची फी परत मिळत नाही, ती गेलीच. सूनबाईंचा पहिला दिवाळसण नवऱ्यावाचून झाला, त्याची भरपाई तर कोणत्याच कार्यालयात नाही.

कोणी सुचवले की पुढच्या अर्जात मुलांचा उल्लेखच करू नये. मुलाने ते ऐकले नाही, हे उत्तम झाले. खोटी माहिती उघडकीस आली तर अर्ज तेवढ्यावरून नाकारला जाऊ शकतो, आणि पुढच्या प्रत्येक अर्जावर त्या संशयाची सावली राहते.

त्याने दोन खोल्यांचे लहानसे बिऱ्हाड भाड्याने घेतले. या वेळी पत्रातल्या मायेवर भिस्त ठेवली नाही. स्वतःच्या नावाचा भाडेकरार, पत्नीस तेथे राहण्यास हरकत नाही असे घरमालकाचे पत्र, घरपट्टीचे बिल, भाडे गेल्याच्या बँकेतील नोंदी, आणि जागेची पाहणी करणाऱ्या जाणकाराचा मापांसह अहवाल. पाहणी करणाऱ्याला पैसे मोजावे लागतात, आणि तसा अहवाल दर वेळी सक्तीचा असतोच असे नाही. तरीही घर सामाईक असेल तर तो अवश्य घ्यावा, असे आम्ही सुचवू. निदान टेप घेऊन खोल्या आधी आपण मोजाव्यात. नोकरीच्या परवान्यावर गेलेल्याच्या पत्नीस ही घराची अट सहसा लागू नसते. तेव्हा आपला अर्ज कोणत्या प्रकारचा, हे प्रथम पाहावे.

जर्मनीतही अशी मोजणी आहे, पण तेथे हिशेब माणशी चालतो. सहा वर्षांवरील प्रत्येकास साधारण १२ चौरस मीटर, त्याहून लहानास १०, आणि दोन वर्षांच्या आतल्या मुलाला काहीच नाही. कुशल कामगार म्हणून गेलेल्यांना पत्नी व मुले आणताना हा पुरावा देण्यातून मार्च २०२४ पासून सूट मिळाली आहे. इतरांना तो द्यावा लागतो.

दुसरा अर्ज मंजूर झाला. दादांना मात्र काही दिवस वाईट वाटत होते. आपले घर कमी पडले, असे त्यांनी फोनवर दोनदा बोलून दाखवले. वहिनींनी त्यांची समजूत घातली, आणि नव्या बिऱ्हाडात पलंग पोहोचवण्यास शेवटी तेच गेले.

सूनबाई निघण्याच्या आदल्या दिवशी मुलाच्या आईने आम्हाला हळूच विचारले, "मी चार महिने त्यांच्याकडे राहायला गेले, तर मलाही मोजतील का?" कुटुंबातले माणूस तात्पुरते राहावयास आले म्हणून घर दाटीचे ठरवून दोष देत नाहीत, असे त्याच कायद्यात आहे, ते आम्ही त्यांना वाचून दाखवले. त्यांनी ते कलम वहीत उतरवून घेतले.